राव आणि रिक्स : प्राचीन व्यक्तिनामांची घडण

जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठचे भोकरदन हे आज तालुक्याचे ठिकाण आहे. सातवाहनकाळी ते भोगवर्धन या नावाचे भरभराटीचे नगर होते. मार्कंडेय पुराणात दक्षिणेकडील जनसमूहांच्या यादीत भोगवर्धनांची गणना केलेली आहे, आणि सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत ‘भोगवढन’ येथील भाविकांचा उल्लेख कोरीव लेखांत येतो. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी येथे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांना विशेष महत्त्वाचे वाटले. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे या व्यापारी संबंधाचा काळही आपोआप ठरतो. भोगवर्धनाचे भोकरदन होईपर्यंत गावाचे नाव लोकांच्या तोंडी झिजत गेले. त्या काळच्या माणसांची नावे मात्र दगडात कोरली गेल्यामुळे जशीच्या तशी राहिली.

अशी नावे शेकड्यांनी उपलब्ध आहेत. नाशिक, कार्ले, बेडसे, जुन्नर, कान्हेरी, कुडा आणि जालन्याच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोरे येथील लेण्यांत दात्यांनी आपले नाव, गाव, व्यवसाय आणि आईबापांची नावे नोंदवून ठेवली. राजांची नावे सर्वत्र टिकतात. सुतार, गंधी, सोनार, कारकून आणि त्यांच्या लेकीसुनांची नावे दोन हजार वर्षे टिकावीत, हे मात्र क्वचित घडते. व्यक्तिनामांचा अभ्यास करणाऱ्या नामविज्ञानाला यापेक्षा चांगली सामग्री मिळणे कठीण.

या नावांपैकी बहुसंख्य नावे द्विपदी आहेत, म्हणजे दोन पदे जोडून केलेली सामासिक नावे आहेत. पूर्वपदी देवता, नक्षत्र, प्राणी किंवा एखादे मूल्य येते: शिव, स्कंद, इंद्राग्नी, नाग, सिंह, ऋषभ, धर्म, मित्र. उत्तरपदी येणारी पदे मोजकी आहेत. दत्त, रक्षित, पालित आणि गुप्त या भूतकृदन्तांचा एक गट होतो. मित्र, देव, दास, भूती, सेन व श्री या नामांचा दुसरा. लेखांची भाषा प्राकृत असल्यामुळे ही पदे बदललेल्या रूपांत भेटतात. धर्माचा धम्म होतो, रक्षिताचा रखित, सिंहाचा सीह, ऋषभाचा उसभ आणि स्कंदाचा खंद. जोडाक्षर लिहिताना एकच व्यंजन कोरण्याची रीत असल्यामुळे दत्त हा ‘दत’ असा दिसतो. एवढी किल्ली हाती असली की कार्ल्याचा गंधी ‘सिहदत’ म्हणजे सिंहदत्त, आणि क्षत्रप नहपानाचा जावई ‘उसवदात’ म्हणजे ऋषभदत्त, हे सहज उलगडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. द्विपदी नावाचा वाक्यासारखा अर्थ लावण्याचा मोह होतो. शिवदत्त म्हणजे ‘शिवाने दिलेला’ हा अर्थ सरळ लागतो, पण पितळखोऱ्याला दान देणाऱ्या पैठणच्या गंध्याचे नाव ‘मितदेव’ होते. मित्रदेव म्हणजे मित्र असलेला देव, की मित्र नावाच्या देवतेचा भक्त? उलट देवमित्र हे नावही प्राचीन भारतात प्रचलित होते. ग्रीकांतही हिप्पार्खॉस आणि आर्खिप्पॉस अशी तीच दोन पदे उलटसुलट लावलेली नावे आहेत. अशा ठिकाणी अर्थ पदांना असतो, जोडणीला असेलच असे नाही. बारशासाठी बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तकांत प्रत्येक नावापुढे एक गोंडस अर्थ छापलेला असतो. प्राचीन नावांपुढे तसा अर्थ छापणे शास्त्राला धरून होणार नाही.

मग पदांची निवड कशी होत असे? याचे उत्तर कोकणातील कुडा येथील लेखांत सापडते. महाभोज मांदव खंदपालित याच्या पदरी असलेले दोन भाऊ येथे दाते आहेत. थोरला शिवभूती हा लेखक, म्हणजे दप्तर सांभाळणारा कारकून. धाकटा शिवम. त्यांच्या वडिलांचे नाव सुलसदत्त आणि आईचे उत्तरदत्ता. शिवमाने आपल्या लेखात पत्नी विजया हिच्याबरोबर मुलाबाळांचीही नावे दिली आहेत. मुलगे सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त आणि सपिल. मुली सपा, शिवपालिता, शिवदत्ता आणि सुलसदत्ता. ही यादी सावकाश वाचावी. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव जसेच्या तसे मिळाले आहे. बापाच्या नावातील ‘शिव’ हे पूर्वपद दोन मुलांना गेले. आजी-आजोबा दोघांच्याही नावात असलेले ‘दत्त’ हे उत्तरपद नातवंडांत पसरले. मुलींची नावे तर भावांच्याच नावांना स्त्रीलिंगी आकार लावून केली आहेत. ‘सपा’ आणि ‘सपिल’ यांत बहुधा सर्प हे पद आहे. आठ मुलांसाठी या घराने जेमतेम चार-पाच पदे वापरली. नावातील पद ही वडिलोपार्जित ठेव होती आणि ती वाटून घ्यायची होती, असे म्हटल्यास ते चुकीचे ठरणार नाही.

या प्रथेला शास्त्राचा आधारही होता. मुलाच्या नावात पित्याच्या तीन पूर्वजांची आठवण असावी, असे याज्ञिकांचे मत पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच नोंदवले आहे. पारस्कर गृह्यसूत्राने नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोष वर्ण व मध्ये अंतःस्थ वर्ण यावा, आणि मुलीचे नाव विषम अक्षरांचे असावे, असे नियम घातले. लेण्यांतील दात्यांनी अक्षरे मोजून नावे ठेवली असतील असे वाटत नाही, पण पूर्वजस्मरणाचा भाग मात्र त्यांनी काटेकोरपणे पाळलेला दिसतो. एकच पद भावंडांत फिरवण्याचा याहून जुना आणि काहीसा गमतीदार दाखला ऐतरेय ब्राह्मणात आहे. अजीगर्ताच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशी आहेत. तिघांच्याही नावात कुत्रा आहे, आणि पहिल्या व तिसऱ्याच्या नावाचा अर्थ ‘कुत्र्याचे शेपूट’ हाच होतो.

हा कुत्रा आपल्याला थेट युरोपच्या पश्चिम टोकाला घेऊन जातो. केल्ट भाषा बोलणारे लोक इसवी सनापूर्वीच्या शतकांत आजच्या फ्रान्सपासून, म्हणजे तेव्हाच्या गॉलपासून, ब्रिटनपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला आशिया मायनरमधील गलातियापर्यंत पसरलेले होते. त्यांचे विपुल ग्रंथ उरले नाहीत. उरली ती मुख्यतः नावे: ज्यूलियस सीझरच्या युद्धवृत्तांतात, रोमन काळातील शिलालेखांत, नाण्यांवर आणि कुंभारांनी भांड्यांवर ओरखडलेल्या याद्यांत. म्हणून गॉलच्या भाषेचा बराचसा शब्दकोश व्यक्तिनामे फोडूनच तयार करावा लागला. या विषयावरील डी. एलिस एव्हन्स यांचा मोठा ग्रंथ १९६७ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. केल्ट नावेही द्विपदीच होती, आणि त्यांतील अनेक पदे संस्कृत पदांची सख्खी भावंडे आहेत. कारण दोन्ही भाषाकुळे एकाच भारत-युरोपीय मूळभाषेतून निघालेली आहेत. ब्रिटनमधील राजा कुनोबेलिनॉस याच्या नावातील ‘कुनो’ म्हणजे श्वान. शुनःशेपातील ‘शुनः’ त्याच मूळ शब्दाचे रूप आहे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वेर्किंगेटोरिक्स याचे. इसवी सनपूर्व ५२ मध्ये अलेसिया येथे सीझरला शरण जाण्यापूर्वी या सरदाराने बहुतेक सारा गॉल रोमनांविरुद्ध उभा केला होता. त्याच्या नावात ‘वेर’ म्हणजे वर किंवा श्रेष्ठ, ‘किंगेटो’ म्हणजे चालून जाणारा, योद्धा, आणि ‘रिक्स’ म्हणजे राजा. दुम्नोरिक्स हा ‘जगाचा राजा’, तर ऑर्गेटोरिक्स हा ‘मारणाऱ्यांचा राजा’. फ्रेंच चित्रकथेतील अ‍ॅस्टेरिक्स आणि त्याच्या गाववाल्यांच्या नावांना १९५९ पासून लावलेले ‘इक्स’ हे शेपूट याच ‘रिक्स’ची थट्टा आहे. संस्कृतातील ‘राज्’ हे पद ‘सम्राट्’ आणि ‘स्वराट्’ या शब्दांत उत्तरपदीच येते, आणि केल्टांचा ‘रिक्स’ हा त्याचाच आप्त. त्याच कुळातील ‘राजन्’ शब्द प्राकृतात ‘राया’ झाला. नाणेघाटातील सातवाहनांच्या प्रतिमागृहात, प्रतिमा नष्ट झाल्या असल्या तरी, ‘राया सिमुक सातवाहनो’ अशी अक्षरे आजही आहेत. पुढे रायाचा राव झाला, आणि मराठवाड्यात क्वचितच एखादे गाव असेल की जिथे माणिकराव, उत्तमराव किंवा बाबुराव सापडणार नाही. वेर्किंगेटोरिक्सचा रिक्स आणि माणिकरावांचा राव हे एका मूळ पुरुषाचे दोन दूरचे वंशज आहेत, आणि दोघेही नावाच्या शेवटीच बसतात.

आणखी काही जोड्या सांगण्यासारख्या आहेत. गलातियाचा राजा डेइओटारुस, ज्याची बाजू सिसेरोने सीझरपुढे मांडली, त्याच्या नावाची फोड ‘देवो’ आणि ‘तार्वो’ अशी करतात. अर्थ ‘दैवी बैल’. ऋषभदत्ताच्या नावात पहिल्या पदी असलेला बैल येथे दुसऱ्या पदी आढळतो. सेगोमारॉस या गॉल नावातील ‘सेगो’ म्हणजे विजय किंवा बळ. वैदिक ‘सहस्’ हा त्याचा जोडीदार. ‘मारॉस’ म्हणजे मोठा. किंतुग्नाटुस या नावात ‘किंतु’ म्हणजे पहिला आणि ‘ग्नाटुस’ म्हणजे जन्मलेला. संस्कृत ‘जात’ ध्वनिनियमांनी त्याच्याशी अचूक जुळतो. आपल्याकडे अशा मुलाला अग्रज म्हणतील.

दोन्हीकडे सारखीच असलेली दुसरी प्रक्रिया म्हणजे लघुनाम. लांबलचक सामासिक नाव घरात कोणी उच्चारीत नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात याचे नियमच बांधले. मायेपोटी किंवा कणव वाटून हाक मारताना अनेकस्वरी नावातील दुसऱ्या स्वरापुढचा भाग गळतो आणि इक, इय किंवा इल हे प्रत्यय लागतात. देवदत्ताचे देविक, देविय आणि देविल होतात. वार्तिककार कात्यायनाने पुढे जाऊन सांगितले की प्रत्ययाशिवायही पूर्वपद किंवा उत्तरपद गळू शकते. देवदत्त नुसता ‘दत्त’ होतो आणि सत्यभामा नुसती ‘भामा’. घनसावंगी किंवा परतूरकडच्या एखाद्या भामाबाईंना कात्यायन माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांचे नाव त्याच्या वार्तिकाचे उदाहरण आहे.

पितळखोऱ्यातील एक संपूर्ण कुटुंबच या नियमांचा पुरावा देते. तेथील एक दाता राजवैद्य आहे. लेखात त्याचे नाव ‘वछीपुत मगिल’. मगिल हे मघा नक्षत्रावरून ठेवलेल्या एखाद्या मोठ्या नावाचे ‘इल’ प्रत्यय लागलेले लघुरूप असावे. त्याची मुलगी ‘दता’ आणि मुलगा ‘दतक’ यांनीही दान दिले आहे. दोघांच्या नावांत पूर्वपद गळून केवळ ‘दत्त’ उरला आहे, मुलाला वर एक ‘क’ लागला आहे. राजवैद्याने दगडावर नाव कोरून घेताना सुद्धा घरगुती नावच द्यावे, यावरून ही लघुनामे तोवर पूर्ण प्रतिष्ठित झाली होती असे दिसते. कुड्याचा सपिल त्याच साच्यातला. गॉलमध्ये वेर्किंगेटोरिक्सच्या वडिलांचे नाव केल्टिल्लुस होते, आणि त्यातील ‘इल्ल’ हा प्रत्ययही लघुत्ववाचकच. मात्र येथे घाई करू नये. ‘राव’ आणि ‘रिक्स’ यांचे नाते ध्वनिनियमांनी सिद्ध होते. ‘इल’ व ‘इल्ल’ यांचे साम्य कानाला कितीही पटले तरी ते केवळ योगायोगाचे असू शकते.

‘वछीपुत’ या विशेषणाकडेही पाहिले पाहिजे. आयर्लंडमध्ये दगडाच्या कडेवर रेघा मारून लिहिण्याच्या ओघम लिपीतील लेखांत माणसाच्या नावापुढे ‘माक्वि’, म्हणजे पुत्राचा, असे लिहून बापाचे नाव दिलेले असते. आजच्या ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांचा उगम तोच. दख्खनमध्ये मात्र पुत्रापूर्वी आई येते: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, हारितीपुत्र, वात्सीपुत्र. ही आईची व्यक्तिगत नावे नव्हेत, तिच्या माहेरच्या गोत्राची नावे आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचे स्वतःचे नाव बलश्री. नाशिकच्या लेण्यातील प्रसिद्ध लेख तिचाच आहे, आणि त्यात ती स्वतःला गौतमी बलश्री म्हणवते. अनेक बायका असलेल्या राजघराण्यात कोणता मुलगा कोणत्या राणीचा, हे स्पष्ट करण्यासाठी ही पद्धत सोयीची होती, असे स्पष्टीकरण दिले जाते. पण राजवैद्यही ती वापरतो, तेव्हा केवळ तेवढेच कारण पुरेसे वाटत नाही.

दख्खनमधील सर्वच नावे भारत-युरोपीय साच्यात बसत नाहीत, आणि या प्रदेशाचे खरे वैशिष्ट्य तेच आहे. पुळुमावी या सातवाहन राजनामाची संस्कृत व्युत्पत्ती लावण्याचे प्रयत्न समाधानकारक ठरलेले नाहीत, त्यात द्राविडी अंश असावा असे मानले जाते. सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत व दुसऱ्या बाजूस द्राविडी भाषेतील मजकूर आहे, आणि त्यात ‘पुत’ या शब्दाच्या जागी पुत्रवाचक ‘मकन’ या द्राविडी शब्दाचे रूप येते. सातवाहन या नावाबद्दल तर दोन टोकांची मते आहेत. काहींनी ते ‘सप्तवाहन’, म्हणजे सात घोड्यांचा सूर्य, यावरून घेतले. फ्रेंच पंडित प्शिलुस्की यांनी त्यात मुंडा भाषांतील घोडा आणि पुत्र या अर्थाचे शब्द पाहिले. नाणेघाटातील कुमार ‘हकुसिरि’ याचे नाव मात्र उलगडते. ते शक्तिश्री आहे, आरंभीच्या सकाराचा येथे हकार झाला आहे. याच प्रवृत्तीने गाथासप्तशतीचा संकलक हाल याचे नाव सातवाहन या कुलनामाशी जोडले जाते.

नावावरून वंश ठरवू पाहणाऱ्यांना लेण्यांतील यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परकीयांची, नावे जड जातात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभाचा दाता स्वतःला धेनुकाकटाचा यवन म्हणवतो, आणि त्याचे नाव सिंहध्वज आहे. नाशिकच्या एका लेण्याचा दाता यवन इंद्राग्निदत्त, त्याचा बाप धर्मदेव. ऋषभदत्त शक होता, त्याच्या बापाचे नाव दिनिक, पत्नी दक्षमित्रा. परके लोक येथे आले आणि त्यांनी येथील पदे उचलली. दोन पदांचा साचा तयार होता. त्यात कोणीही बसू शकत होते.

उलट दिशेनेही तेच घडले. देवगिरीच्या यादवांत जैत्रपाल राजाला ‘जैतुगी’ म्हणत, त्याच्या पूर्वजांत ‘मल्लुगी’ आहे. संस्कृत पद अर्धे कापून त्याला ‘उगी’ हे देशी शेपूट लावायचे, अशी ही रीत. सिंघण या नावात सिंहाला कानडी वळण मिळाले आहे. त्याच काळातील महानुभाव वाङ्मयात महदाइसा, उमाइसा, आबाइसा ही ‘आई’ आणि आदरवाचक ‘सा’ यांनी घडलेली स्त्रीनामे आढळतात. महदाइसेचेच महदंबा असे संस्कृत रूपही रूढ आहे. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे स्थान असल्याने या परिसराला ही नावे अपरिचित नाहीत.

यानंतर मराठीत जुनी उत्तरपदे मागे पडून ‘जी’ आणि ‘बा’ यांचे राज्य सुरू झाले. ‘जी’ हा बहुतेकांच्या मते ‘जीव’ शब्दातून जीउ या टप्प्याने आला. ‘बा’चे नाते बाप, बाबा या शब्दांशी लावतात. त्याआधी येणारा ओकार, म्हणजे तुकोबा, ज्ञानोबा, नागोजी यांतील ‘ओ’, हा महाराष्ट्री प्राकृतातील पुल्लिंगी प्रथमेच्या ‘ओ’ची आठवण करून देतो. ‘राया सिमुक सातवाहनो’ यातही तो आहेच. खंडोबातील ‘खंड’ म्हणजे खंदपालितातील स्कंद, की हातातला खंडा, यावर मात्र विद्वानांत एकमत नाही.

घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचे मूळ नाव नारायण, थोरल्या भावाचे गंगाधर, वडिलांचे सूर्याजीपंत आणि आईचे राणूबाई. या एका ठोसर घरात नावांचे तीन थर शेजारी शेजारी आहेत. गंगाधर हा शुद्ध संस्कृत समास. सूर्याजीपंत यात संस्कृत पूर्वपदाला मराठी ‘जी’ आणि ‘पंडित’ शब्दापासून झालेला ‘पंत’ अशी दोन आदरपदे लागली आहेत. राणूबाईत ‘राणी’चे लघुरूप आणि त्यापुढे ‘बाई’. धाकट्या मुलाने पुढे स्वीकारलेले नाव मात्र पुन्हा जुन्या घडणीचे आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या सोनाराने ‘कण्हदासेन हिरंमकारेन कता’ असे कोरले आहे. कण्हदास म्हणजे कृष्णदास, आणि रामदास त्याच ‘देवता अधिक दास’ या साच्याचा. दोघांमध्ये सुमारे सतरा-अठरा शतकांचे अंतर आहे.

समर्थांच्याच पिढीत, जालन्याला लागून असलेल्या सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांच्या कन्येचा विवाह ज्यांच्याशी झाला, त्यांचे नाव शहाजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने मुले झाली म्हणून मालोजीराजांनी थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी परंपरा आहे. पूर्वपद एकाचे फारसी, दुसऱ्याचे अरबी. उत्तरपद दोघांचेही मराठी. दैवी कृपेने मिळालेल्या मुलाच्या नावात त्या दैवताचे पद घालायचे ही रीत मात्र शिवदत्त आणि इंद्राग्निदत्त यांच्या काळचीच.